मे महिन्यातील दिल्ली: भर दुपारचे सहा तास कुठे घालवावेत?

नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार असे चार दिवस दिल्लीला जाण्याचे ठरले आहे. ‘या दिवसांत दिल्लीला कोण जाते?’ हे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी विचारून झाले आहे, तेव्हा कृपया तो प्रश्न पुन्हा नको. पत्नीचे कार्यालयीन प्रशिक्षण त्याच तारखांना आहे आणि मुलाला सुट्टीही तेव्हाच आहे. ती दिवसभर वर्गात असेल. माझी ७२ वर्षांची आई, ११ वर्षांचा मुलगा आणि मी असे तिघे शहर पाहणार आहोत. आमचा मुक्काम कनॉट प्लेसजवळ आहे.

एका प्रवासी संस्थेकडून कार्यक्रम आखून घेतला होता. त्यात पहिल्याच दिवशी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत लाल किल्ला, राजघाट, जामा मशीद, कुतुबमिनार, कमळ मंदिर आणि इंडिया गेट बसवले होते. ४४ अंशांच्या उन्हात हे करणे म्हणजे आईला रुग्णालयात पोहोचवण्याची तयारीच, आणि त्यावर कळस म्हणजे लाल किल्ला व कमळ मंदिर ही दोन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. तो कार्यक्रम मी बाजूला ठेवला आहे.

तेथे या दिवसांत सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त सातनंतर. त्यामुळे पहाटेचे तीन-चार तास आणि संध्याकाळ बाहेर काढावी, असे मी ठरवले आहे. अडचण आहे ती सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेची. खोलीत बसून दूरचित्रवाणी पाहण्यासाठी इतका प्रवास करण्यात अर्थ नाही आणि विक्री संकुलांत फिरण्याची आम्हा तिघांनाही हौस नाही. आईला लाल किल्ला पाहायचाच आहे, मुलाला रेल्वेची इंजिने पाहायची आहेत. तेथे राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात जाऊन आलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी गेली अनेक वर्षे दिल्लीत राहतो. पहाट आणि संध्याकाळ हा आपला हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त सोमवार सांभाळावा लागेल, कारण राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्ती येथील प्रधानमंत्री संग्रहालय आणि चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय ही तिन्ही त्या दिवशी बंद असतात. सोमवारी पहाटे लोदी उद्यानात जावे. उद्यानाला लागूनच अमृता शेरगिल मार्ग आहे आणि मे महिन्यात त्याच्या दोन्ही बाजूंचा बहावा, ज्याला येथे अमलतास म्हणतात, इतका फुललेला असतो की रस्त्यावर पिवळ्या पाकळ्यांचा थर साचतो. फेब्रुवारीत राष्ट्रपती भवनातील अमृत उद्यान पाहून परतणाऱ्यांच्या वाट्याला हे येत नाही. त्या दिवशी दुपारी सरळ विश्रांती घ्यावी आणि अंधार पडल्यावर कर्तव्य पथावर चालावे. त्या वेळी निम्मी दिल्ली हिरवळीवर कुल्फी खात बसलेली असते.

मंगळवारी सूर्योदयाला हुमायूनची कबर पाहावी. त्याच आवारालगत २०२४ मध्ये सुरू झालेले संग्रहालय आहे. ते बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, धर्तीवर जमिनीखाली बांधले असल्याने कबरीचा परिसर पाहून झाल्यावर उन्हातून थेट गारव्यात उतरता येते.

बुधवारची दुपार राष्ट्रीय संग्रहालयाला पूर्ण द्यावी. हडप्पा दालनातील मोहेंजोदडोची नर्तिका पाठ्यपुस्तकात मोठी वाटते, प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. ‘ती कुठे आहे?’ असे विचारत लोक तिच्यासमोरून निघून जातात. मुलाला ती स्वतः शोधू द्यावी, आणि नंतर तिच्या डाव्या हातातील बांगड्या मोजायला सांगावे.

लाल किल्ला गुरुवारी, उघडता क्षणीच गाठावा. लाहोरी दरवाज्यातून आत गेल्यावर छत्ता चौकाचा छप्पर असलेला बाजार लागतो, तेथपर्यंत सावली आहे. त्यानंतर दिवाण-ए-आमपर्यंतचे मोकळे अंतर मात्र छत्री घेऊन सावकाश पार करावे लागेल. दिवाण-ए-खासमध्ये आईंना छताकडे पाहायला अवश्य सांगावे. त्या छताची चांदी १७६० मध्ये, म्हणजे पानिपताच्या आदल्या वर्षी, सदाशिवराव भाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवून वितळवली होती. मराठी माणसाने तेथे अभिमान बाळगावा की मान खाली घालावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ऊन चढू लागले की जुन्या ब्रिटिश बराकींमधील संग्रहालयांत शिरावे.

जामा मशिदीत पादत्राणे काढावी लागतात आणि लाल दगडाची फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जाड सुती पायमोजे जवळ ठेवावेत. नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. हातगाडीवर जांभळट फालसे काळे मीठ लावून विकतात. ही फळे थोडेच दिवस मिळतात, ती चुकवू नयेत.

प्रतिसाद २

रेल्वे संग्रहालयाबद्दल थोडेसे सांगतो. इंजिने बहुतांशी उघड्या आवारात उभी आहेत आणि दुपारी त्यांच्या लोखंडाला हात लावता येत नाही. सकाळी उघडताच आधी आवार पाहून घ्यावे. पतियाळा संस्थानाची मोनोरेल, जिचे एक चाक रुळावर आणि एक रस्त्यावर धावत असे, ती मुलाला नक्की दाखवावी. बंदिस्त दालन नंतरसाठी राखून ठेवावे. संध्याकाळी अचानक धुळीची आंधी आली तर घाबरू नये, आडोशाला थांबावे. तासाभरात तापमान बरेच खाली येते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बुधवारी सकाळी रेल्वे आणि दुपारी राष्ट्रीय संग्रहालय असे ठरवले आहे. आईने पायमोजे लगेच बाजूला काढून ठेवले, आणि लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा असेल, असेही जाहीर केले आहे. एक शंका मात्र राहिली. सूर्योदयाला लोदी उद्यानात पोहोचायचे तर त्या वेळी मेट्रोवर विसंबता येणार नाही असे दिसते. कनॉट प्लेसहून इतक्या पहाटे रिक्षा मीटरप्रमाणे येते का, की आदल्या रात्रीच वाहन ठरवून ठेवणे योग्य ठरेल?