सरपंचांनी खाणं टाकलंय

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

मंडळी, नमस्कार.

बेळगावला कायमचं परत आलो तरी तुमच्या फ्लोरिडाच्या मराठी मंडळींच्या ईमेल यादीतून नाव काढू नका म्हटलं होतं, ते आज कामाला आलं बघा. नातवानं इग्वाना पाळलाय, म्हणजे पाला खाणारा मोठा परदेशी सरडा. हिरवागार, शेपटीसकट हातभर. दिवसभर एका जागी बसून सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणून नाव सरपंच. उन्हाळ्यात ठीक होता, पाऊस लागला तसं खाणं टाकलंय. माशांच्या काचेच्या टाकीत असतो, खाली विजेवर गरम होणारा दगड, टाकी खिडकीला लागून. पालक-टोमॅटो पुढ्यात तसेच पडून. शेजारीण म्हणते उकडलेलं अंडं द्या. इथल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. तुमच्या फ्लोरिडात हे कुंपणावर हिंडतात म्हणून विचारते.
— काकू

प्रेषक: मायामी (मूळ निपाणी)

काकू, इथं हे लोकांच्या बागा फस्त करतात, त्यामुळं कौतुक कुणालाच नाही. पण जानेवारी 2020 मध्ये इथल्या हवामान खात्यानं चक्क सावध केलं होतं, की आज रात्री झाडावरून इग्वाना पडतील. थंडीनं आखडले की फांदी सुटते. ऊन आलं की बरेचसे उठून चालायला लागतात. यांना अंगची ऊब नाही, बाहेरूनच घ्यावी लागते. पाला पचवायला अंग 30 अंशांच्या पुढं तापावं लागतं, आणि बेळगावात श्रावणात दिवसासुद्धा पारा पंचविशीच्या आसपास. गार अंगानं खाल्लेलं पोटात तसंच राहतं, म्हणून तो खातच नाही. बळंच भरवू नका.

वरच्या फांदीवर 35 ते 38 अंश मिळतील असा दिवा लावा, दुसरं टोक 27 च्या आसपास राहू दे. दोन्हीकडं थर्मामीटर हवा, अंदाजपंचे नको. तापायचं की सरकायचं ते त्याचं तो ठरवतो. रात्री 23 च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर मिळतो. तो दगड आजच काढा. पोटाखालचा चटका यांना वेळेवर कळत नाही, भाजलं तरी तिथंच बसून राहतात.

आता खिडकी. तिथलं ऊन नुसतं दिसायला ऊन. काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते, ते नाहीत तर ड-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. शरीर ते हाडांतून ओढून घेतं. खालचा जबडा हलक्या हातानं दाबून बघा. रबरासारखा लागला, बोटं थरथरत असली किंवा मांड्या सुजल्या असल्या, तर थांबू नका, पुणे किंवा बंगळूरला सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा. एरवी यूव्हीबीची ट्यूब रोज बारा तास, मध्ये काच न ठेवता. ट्यूब पेटत राहते, पण किरण आधीच संपतात, म्हणून वर्षाच्या आत बदलायची.

प्रेषक: टॅम्पा (माहेर शहापूर)

काकू, अंडं नकोच, मूत्रपिंडं जातात. पालकही नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, थोडा लसूणघास, वर किसलेला लाल भोपळा. फळ अगदी चवीपुरतं.

टाकी फार दिवस पुरणार नाही. नर दीड मीटरच्या पुढं वाढतो आणि पंधरा वर्षं सहज काढू शकतो, तेव्हा नातू कॉलेजला गेल्यावर कोण बघणार तेही ठरवून ठेवा. मिस्त्रीकडून जाळीचं कपाट करून घ्या, माणसाएवढं उंच, दोन मीटर लांब. दिव्यांना जाळी पाहिजेच, नाहीतर हा दिव्यालाच मिठी मारेल. दिव्यानं आतली हवा कोरडी होते, रोज पाणी फवारा. त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये आंघोळ घालू नका, साल्मोनेलाचे जंतू असतात.

आणि गल्लीत कुणी घोरपड समजलं तर भानगड होईल. घोरपड पाळणं गुन्हा आहे. इग्वाना परदेशी, पण त्याचीही 2024 च्या नियमांप्रमाणं केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

जबडा टणक आहे, हुश्श. दगड काढला. शेवग्याचा पाला परसातलाच. दिवा लावल्यावर सरपंच तासभर डोळे मिटून पसरले आणि मग दोन देठ ओरबाडले, पान खाली टाकून देठच! मिस्त्री म्हणतो कपाट गणपतीनंतर. रात्री लाईट जाते तेव्हा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवते, वरून घोंगडी, हवेपुरती फट सोडून. दुकानाच्या बिलावर नुसतं ‘पेट – 1’ लिहिलंय. तेवढ्यावर नोंदणी होते का हो?
— काकू