सॉक-सेव्हन, प्लस-वन आणि किक्स: मेनफ्रेमवाल्यांची बोली (अनुभव धागा)

मंडळी, "रात्री सॉक-सेव्हन आला, प्लस-वनचा झीरो करून रिस्टार्ट दिलाय." मेनफ्रेमवर (मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकांवर) वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्या एका वाक्यात बिघाड, त्याची जागा आणि इलाज तिन्ही कळतात. शेजारच्या जावावाल्याला त्यातलं काहीच लागत नाही. लघुरूपांचे विस्तार मॅन्युअलमध्ये सापडतात. इथे हवंय ते पुढचं: तो शब्द कानावर पडला की काय बिघडलेलं असतं आणि पहिला हात कुठे घालायचा. कंपन्यांची नावं आणि नोकरीतल्या आठवणी नकोत, कामाचा तपशील लिहा.

प्रॉडक्शन सपोर्ट

सुरुवात अ‍ॅबेंडपासून. अ‍ॅबनॉर्मल एंड, म्हणजे जॉब (पायऱ्यापायऱ्यांनी चालणारं बॅच काम) मधेच मेला. कोडच्या सुरुवातीला 'एस' असेल तर सिस्टिमने मारला, 'यू' असेल तर प्रोग्रॅमने स्वतःहून काम थांबवलं. नवीन मुलं थेट डंप (मरतानाच्या मेमरीची नोंद) उघडतात. आधी एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट पाहायची सोय) जॉबपुढे प्रश्नचिन्ह टाकून लॉग वाचा आणि आयईएफ४५०आय हा मेसेज शोधा. पायरी आणि कोड दोन्ही त्यात असतात.

एस८०६ म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही, बहुतेक वेळा स्टेपलिबमध्ये (प्रोग्रॅम कुठे शोधायचा ती यादी) लायब्ररी जोडायची राहिलेली असते. एस९१३ म्हणजे परवानगी नाही. आयसीएच४०८आय मेसेजमध्ये कोणत्या डेटासेटला कोणता हक्क मागितला ते लिहिलेलं असतं, तोच मेसेज जसाच्या तसा सिक्युरिटीवाल्यांना पाठवा. एस३२२ म्हणजे सीपीयूचा ठरलेला वेळ संपला. इथे टाइम वाढवून जॉब पुन्हा सोडायचा मोह होतो. आधी इनपुटचे रेकॉर्ड मोजा. ते नेहमीएवढेच असतील तर प्रोग्रॅम लूपमध्ये गेल्याचा संशय घ्या. एस२२२ दिसला तर कोड तपासत बसू नका, ऑपरेटरने जॉब कॅन्सल केलाय. त्याला फोन लावा.

कोबोल

सॉक-सेव्हनबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लिहायचा एस०सी७, अर्थ डेटा एक्सेप्शन. कॉम्प-३ मध्ये, म्हणजे एका बाइटात दोन अंक ठेवायच्या पद्धतीत, १२३४५ ही संख्या तीन बाइटांत १२ ३४ ५सी अशी बसते. शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाची. त्या जागी रिकाम्या जागा आल्या तर एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरसंहिता) ते ४० ४० ४० होतं. शेवटचं शून्य हे चिन्ह नव्हे, म्हणून यंत्र बेरीज करायला नकार देतं.

खराब डेटा ग्रुप मूव्हमधून (फील्डं न तपासता केलेली एकगठ्ठा नक्कल) गुपचूप पुढे सरकतो आणि अ‍ॅबेंड येतो तो खालच्या कुठल्या तरी अ‍ॅडवर. म्हणून मेलेली ओळ म्हणजे चुकलेली ओळ असं धरू नका. पीएसडब्ल्यूमधल्या (यंत्र कुठल्या सूचनेपाशी होतं ती नोंद) पत्त्यातून प्रोग्रॅमचा एंट्री पॉइंट वजा करा. आलेला ऑफसेट कंपाइल लिस्टिंगमध्ये शोधा. लिस्टिंग त्याच कंपाइलचं हवं, नाहीतर तासन् तास वाया जातात. त्या ओळीतली फील्डं घ्या, फाइल उघडून हेक्स ऑन करा, चिन्हाचा अर्धा बाइट तपासा. मूळ कारण बहुधा दोनांपैकी एक निघतं: वर्किंग स्टोरेजमधलं फील्ड इनिशियलाइझ केलं नाही, किंवा कॉपीबुकची (रेकॉर्डच्या मांडणीची सामायिक व्याख्या) लांबी बदलली आणि एखादा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल व्हायचा राहिला, त्यामुळे पुढची सगळी फील्डं सरकली.

झोन्ड डेसिमलमध्ये (एका बाइटाला एक अंक) १२३४एन दिसलं तर ते कचरा समजून पुसू नका. ती उणे १२३४५ आहे. उणे ५ चा बाइट डी५, आणि एबसिडिकमध्ये डी५ म्हणजे एन.

फाइल ट्रान्सफर

वरच्या मुद्द्याला जोडून. कॉम्प-३ असलेली फाइल टेक्स्ट मोडमध्ये सर्व्हरला पाठवली की अ‍ॅबेंडपेक्षा वाईट घडतं. ५सी हा बाइट एबसिडिकमध्ये तारांकन आहे. रूपांतरात तारांकनाचं आस्की मूल्य २ए येतं. पाचाचे दोन झाले, आणि 'ए' हेसुद्धा वैध अधिक चिन्ह आहे, म्हणजे ते फील्ड वाचणाऱ्याला चिन्हावरून चूक कळणारच नाही. कुणी ओरडत नाही, आकडा मात्र चुकतो. आधी सॉर्टच्या आउटरेकने (रेकॉर्डची मांडणी बदलणारी सूचना) ती फील्डं वाचता येणाऱ्या अंकांत बदला, मग टेक्स्टमध्ये पाठवा. ते जमत नसेल तर फाइल बायनरीत पाठवावी आणि पलीकडच्या टीमला कॉपीबुक द्यावं.

स्टोरेज

'डॅस्डी' म्हणजे डिस्क. ३३९० प्रकारच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट, सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. 'हाफ-ट्रॅक ब्लॉकिंग' म्हणतात ते २७,९९८ पर्यंतचं ब्लॉकसाइझ. ८० च्या रेकॉर्डला २७,९२० बसतं. ब्लॉकसाइझ शून्य लिहिलं तर सिस्टिमच योग्य आकडा काढते, आणि तेच लिहावं.

बी३७ (जागा संपली) आला तर स्पेस पॅरामीटर पाहा. साधा सिक्वेन्शियल डेटासेट एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंटपर्यंतच (जागेचे सलग तुकडे) वाढतो, म्हणून प्रायमरी १० आणि सेकंडरी ५ सिलिंडर दिले तर फार तर १० अधिक १५ गुणिले ५, म्हणजे ८५ सिलिंडर. व्हॉल्यूमवर जागा तुकड्यातुकड्यांत असेल तर त्याच्याही आधी संपतं. डी३७ म्हणजे सेकंडरी लिहायचीच राहिली. पीडीएसवर (अनेक मेंबर असलेला लायब्ररी डेटासेट) ई३७ आला की आधी कॉम्प्रेस करा.

शेड्यूलिंग आणि रिस्टार्ट

कॉन्ड (पायरी गाळायची अट) उलटा वाचायचा असतो. कॉन्ड=(४,एलटी) याचा अर्थ "४ हे आधीच्या कोडपेक्षा लहान आहे का? असेल तर ही पायरी गाळ." कोड ८ आला तर पायरी गळते, ४ आला तर चालते. नव्या जेसीएलमध्ये (जॉब लिहायची भाषा) इफ-देन लिहा, रात्री वाचणाऱ्यावर उपकार होतील.

जीडीजी म्हणजे एका नावाखाली क्रमाने साठणाऱ्या डेटासेटच्या पिढ्या: प्लस-वन नवी, झीरो चालू, मायनस-वन आधीची. जीडीजीचा प्लस-वन एका जॉबच्या आत शेवटपर्यंत प्लस-वनच राहतो. दुसऱ्या पायरीत पिढी तयार झाली, पाचवीत जॉब मेला, तर रिस्टार्टच्या वेळी ती पिढी कॅटलॉगमध्ये (डेटासेटची नोंदवही) गेलेली असते. तेव्हा पाचवीपासून पुढे तिचा उल्लेख झीरो करायचा, आणि मूळचा झीरो मायनस-वन. हे टाळायला अख्खा जॉब पुन्हा चालवला तर एक पिढी जास्तीची उरते, आणि बेस नावाने सगळ्या पिढ्या एकत्र वाचणारा महिनाअखेरचा जॉब तीच रक्कम दोनदा मोजतो.

'नॉट कॅटलॉग्ड टू' शोधायची सवय लावा. त्याच नावाचा डेटासेट आधीच कॅटलॉगमध्ये असल्याने नवा तयार होऊनही नोंदला जात नाही. कोड शून्य येतो आणि पुढचा जॉब कालचा डेटा वाचतो. (एसएमएसखाली, म्हणजे सिस्टिमच्या स्टोरेज व्यवस्थापनाखाली, असेल तर जॉब तिथेच अडतो, ते बरं.) उपाय जुना आहे: पहिल्या पायरीत आयईएफबीआर१४, डिस्पोझिशन मॉड-डिलीट-डिलीट. हा प्रोग्रॅम काहीच करत नाही, काम डीडी स्टेटमेंटचं (डेटासेट सांगणारी जेसीएलची ओळ) असतं. मुळात त्यात रजिस्टर १४ वर परत जाण्याची एकच सूचना होती. रिटर्न कोड रजिस्टर १५ मधून घेतला जातो आणि ते कुणी शून्य करत नव्हतं, म्हणून नंतर दुसरी सूचना घालावी लागली.

किक्स आणि डीबीटू

सीआयसीएसला (ऑनलाइन व्यवहार चालवणारी प्रणाली) कुणी किक्स म्हणतं, कुणी एकेक अक्षर उच्चारतं, दोन्ही तेच. ऑनलाइन प्रोग्रॅमचा सॉक-सेव्हन इथे एएसआरए म्हणून दिसतो. नवं लोड (कंपाइल केलेला प्रोग्रॅम) आल्यावर सीईएमटीने (किक्सची नियंत्रण कमांड) 'न्यूकॉपी' दिली नाही तर जुनाच प्रोग्रॅम चालत राहतो. न्यूकॉपी दिली आणि बाइंड (प्रोग्रॅमची डीबीटू डेटाबेसशी जोडणी) राहिला तर डीबीटूचा कोड मायनस ८०५ किंवा ८१८. मायनस ९११ मध्ये रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) झालेला असतो, ९१३ मध्ये नसतो. रीझन कोडच्या शेवटी ००८८ असेल तर डेडलॉक, ००८ई असेल तर टाइमआउट.

ऑपरेशन्स

"जॉब लटकलाय" असा फोन आला की दोन कमांड: डी आर,एल म्हणजे उत्तराची वाट पाहणारे मेसेज, आणि डी जीआरएस,सी म्हणजे कोणता डेटासेट कुणी धरून ठेवलाय. आयपीएल म्हणजे सिस्टिम नव्याने उभी करणं. फोनवर नवखा माणूस असेल तर पूर्ण शब्द सांगा.

पुण्या-मुंबईतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची बॅच सांभाळणाऱ्यांनी हँडओव्हरच्या कागदावर दोन्ही वेळा लिहाव्यात. तिथली रात्रीची १० ची बॅच उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी ७:३० ला आणि हिवाळ्यात ८:३० ला सुरू होते. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. शिफ्टचं वेळापत्रक त्याच्या आदल्या शुक्रवारी बदलून ठेवा.