पंधरा हजारांत टर्नटेबलचा सेटअप सुधारायचाय, सुरुवात कुठून करू?

तबकडी_कोथरूड
नमस्कार मंडळी, आत्याकडच्या एलपी आता माझ्याकडे आल्यात, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, भीमसेनजी, किशोरीताई, वसंतराव, कुमारजी असा सगळा खजिना आहे, शिवाय थोड्या सात इंची ईपी आणि तळाला काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या जड तबकड्या पण निघाल्या. माझ्याकडे टर्नटेबल आहे ते एंट्री लेव्हलचं, बेल्ट ड्राइव्ह (पट्ट्याने फिरणारं), पूर्ण ऑटोमॅटिक, सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप आतच, मागे फोनो (प्रीअँप बंद) आणि लाइन (प्रीअँप चालू) असं बटण. त्यातून वायर निघते ती घरातल्या जुन्या ५.१ संचाला (पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर). सबवूफर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आणि टर्नटेबल त्याच युनिटवर, कारण हॉलमध्ये दुसरी जागाच नाही.

प्रॉब्लेम असा की विलंबित ऐकताना काही तक्रार नसते, मस्त वाजतं, पण बाजू संपत आली आणि द्रुत सुरू झालं की आवाज फाटायला लागतो, ताना एकमेकींत कालवल्यासारख्या होतात, स आणि श तर कानाला टोचतात. सगळ्याच रेकॉर्डना थोडंफार होतं हे. आणि व्हॉल्यूम वाढवला की घुम्म असा आवाज येत राहतो. दुकानात विचारलं तर नवीन मशीन घ्या म्हणाले. बजेट १५ हजार, त्याच्या वर खरंच नाही जाता येणार. मशीन बदलू का स्पीकर घेऊ का अजून काही? या तबकड्या आत्याने फार जपल्या होत्या, माझ्याकडे येऊन खराब व्हायला नकोत एवढंच वाटतं.

वन_मिल
मशीन विकू नका, आधी सुई बदला. तुम्ही सांगताय तो त्रास का होतो ते समजून घ्या म्हणजे पैसे योग्य जागी जातील. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २०. म्हणजे तोच आवाज अर्ध्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, वळणं एकदम बारीक होतात आणि गोल टोकाची सुई त्या वळणांत पूर्ण उतरतच नाही. आता आपल्या ख्यालाची एलपी बघा, अनेकदा एका बाजूला एक राग, सुरुवातीला विलंबित आणि शेवटी द्रुत. म्हणजे गवई जिथे सगळ्यात जास्त वेगात ताना घेतो तिथेच खाच सगळ्यात जास्त गर्दीची. पॉपच्या रेकॉर्डला शेवटचं गाणं शांत ठेवून भागवता येतं, आपल्याकडे ती सोयच नाही, म्हणून शास्त्रीय ऐकणाऱ्याने सुईवर खर्च करायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

अशा बऱ्याच मशिनांत ऑडिओ-टेक्निकाची ३६००एल जातीची कार्ट्रिज (सुई बसते तो डबीसारखा भाग) असते, तिची सुई हाताने ओढून निघते आणि नवी टक करून बसते. कार्ट्रिजवरचा नंबर वाचा. त्याच मापात इलिप्टिकल (अंडाकृती) टोकाची सुई पण मिळते, ती घ्या, टोक अरुंद असल्यामुळे आतल्या खाचांत फरक कळतो. गोल सुईचं आयुष्य चारशे-पाचशे तास धरतात, तुमची किती चालली आहे ते तुम्हालाच ठाऊक, पण झिजलेली सुई कडेने धारदार होते आणि खाच खरवडते, आणि ते नुकसान परत भरून निघत नाही. त्यामुळे नवी येईपर्यंत आत्याच्या रेकॉर्ड लावूच नका.

डोंबिवली_साउंड
सुईचं पटलं पण मशीनबद्दल नाही पटलं. या ऑटोमॅटिक मशिनांत सुईच्या दांड्याला मागे वजनच नसतं, सुईचा दाब कंपनीने ठरवला तो ठरवला, अँटी-स्केट (सुईला आत ओढणारा जोर तोलायची सोय) पण हातात नाही, तुम्ही कितीही चांगली सुई लावा एका मर्यादेपुढे जाणार नाही. मी म्हणेन आत्ता खर्च करूच नका, थांबा, साठवा आणि ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स टर्नटेबल घ्या, डायरेक्ट ड्राइव्ह आहे (पट्टा नाही, मोटरच थेट फिरवते), दाब स्वतः लावता येतो, आणि सोबत व्हीएम९५ई कार्ट्रिज येते, तिच्यावर पुढे त्याच मालिकेतली मायक्रोलाइन (आणखी बारीक टोकाची) सुई नुसती सरकवून बसवता येते, कार्ट्रिज बदलायची गरज नाही. शिवाय ७८ चा स्पीड पण आहे, तुमच्या त्या जुन्या तबकड्यांचं पण काम होईल.

वन_मिल
@डोंबिवली_साउंड मशीन चांगलंच आहे, वाद नाही, पण ते त्यांच्या बजेटच्या दुपटीच्या वर जातं आणि तोवर ऐकायचं कशावर? आणि ते आणून त्याच ५.१ ला जोडलं तर आवाज पुन्हा त्या डब्यातूनच येणार. ते संच सिनेमासाठी बनवलेले, छोट्या सॅटेलाइट स्पीकरमधून गळ्याचा मधला भाग नीट येतच नाही, खालचं सगळं सबवूफरवर ढकललेलं. तानपुरा ऐकून बघा, जोड (मधल्या दोन तारा) सुटी ऐकू येते का? सुईनंतरचे पैसे स्पीकरमध्येच जायला हवेत. एडिफायर आर१२८०टी सारखी पॉवर्ड (आतच अँप असलेली) स्पीकरची जोडी, चार इंची वूफर, मागे आरसीए इनपुट (लाल-पांढऱ्या पिनांचं), वेगळा अँप नको, दहाच्या आसपास बसते, भाव बघून घ्या. नाहीतर सेकंड हँड जुना स्टिरिओ अँप आणि बुकशेल्फ जोडी, सोनोडाइन वगैरे, पण ते घ्यायचं तर स्वतः जाऊन वाजवून घ्या.

घुमण्याचं औषध फुकट आहे. सबवूफर युनिट हलवतो, युनिट सुईला हलवतं, सुई तेच परत सबवूफरकडे पाठवते, हे चक्र तोडायचं. आजच सबवूफर बाहेर काढून जमिनीवर लांब ठेवा. टर्नटेबलखाली कडप्प्याचा तुकडा टाका, फरशीवाल्याकडे उरलेला मिळतो, त्याच्या चार कोपऱ्यांना खाली रबराचे पॅड, आणि वर लेव्हल बघून घ्या.

तबकडी_कोथरूड
इतक्या लगेच इतकी माहिती, मनापासून आभार. सबवूफर काढून लांब ठेवला, घुमणं जवळजवळ गेलंच! कार्ट्रिज ३६००एलच निघाली. अजून दोन शंका. बऱ्याच कव्हरवर ईएएलपी असा नंबर आहे, काहींवर ईएएसडी, यात काही फरक असतो का? आणि पुष्कळ तबकड्यांवर पांढरट बुरशीचे ठिपके आहेत, नुसत्या फडक्याने जात नाहीत.

जुनं_लेबल
एचएमव्हीच्या नंबरांत ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) आणि ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. हा फरक तुमच्या फार कामाचा आहे. मोनो तबकडीत आवाज फक्त खाचेच्या डाव्या-उजव्या हलण्यात असतो, स्टिरिओ सुई मात्र वर-खाली हलणं पण वाचते आणि मोनोत त्या वर-खालीत असते नुसती धूळ, ओरखडे, झीज. दोन्ही चॅनेल एकत्र केले की ते वर-खालीचं आपोआप कटतं आणि खरखर बरीच उतरते, गळा तसाच राहतो. म्हणून मी तर सांगेन पॉवर्ड स्पीकरऐवजी मोनोचं बटण असलेला जुना अँप शोधा, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करा, रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तसा नाही मिळाला तर मागचं बटण फोनोवर टाकून वाय केबलने (दोन वायरी एकात मिळवणाऱ्या) दोन्ही चॅनेल जोडा आणि मग बाहेरचा छोटा प्रीअँप, बेरिंजर पीपी४०० चालेल. लाइनच्या आउटपुटवर मात्र दोन चॅनेल असे थेट जोडू नका. आणि ज्या अँपला फोनो इनपुट आहे त्यात घालताना मशीनमधला प्रीअँप बंद हवा, दोन प्रीअँप एकामागे एक लागले की आवाज जाड होऊन फाटतो.

रत्नागिरी_७८
बुरशीचं आम्हा कोकणातल्यांना विचारा, दर पावसाळ्यात हेच. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या लिक्विड सोपचा एखादा थेंब. सॅनिटायझर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं ते खाचेत बसतं. मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेनेच गोल पुसायचं, आडवं नाही, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत एकदा. वाळवायला स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या ठेवा, एकदम बरोबर बसतात, फक्त उन्हात नको, पापडासारख्या वाकतात. आणि धुतलेली तबकडी परत त्याच जुन्या आतल्या कागदात घालू नका, बुरशी तिथेच बसलेली असते, नवीन पाकिटं आणा, बाहेरचं कव्हर जपून ठेवा.

पण हे सगळं फक्त एलपी आणि ईपीसाठी! ७८ च्या लाखेच्या असतात, अल्कोहोल लागलं की लाख विरघळते, कायमची गेली. त्यांना साधं डिस्टिल्ड वॉटर, ते पण लगेच पुसून. आणि त्या तुमच्या सुईने वाजवू नका. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला ७५ च्या आसपास लागते, बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाला जाऊन घासते, नुसती खरखर. पुढे कधी मोठं मशीन घेतलंत तर व्हीएम९५एसपी म्हणून ७८ साठीच सुई मिळते. तोवर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, त्यांना तडा जायला धक्कासुद्धा पुरतो.

डोंबिवली_साउंड
मोनोचं ऐकून माझं मत जरा बदललं, इतक्या मोनो तबकड्या असतील तर आधी अँप शोधणं बरोबर आहे. मशीनचं पुढच्या वर्षी बघा.

तबकडी_कोथरूड
ठरलं मग. इलिप्टिकल सुई आत्ताच ऑर्डर केली, रविवारी जुन्या बाजारात अँप बघतो, नाहीच मिळाला तर पॉवर्ड स्पीकर. तोवर रोज थोड्या थोड्या धुऊन ठेवतो.

वन_मिल
छान. अँप बघायला जाताना फोन आणि आरसीएची केबल खिशात ठेवा, दोन्ही चॅनेल वाजवून बघा, व्हॉल्यूमचं बटण फिरवताना किती खरखरतं ते ऐका आणि मोनोचं बटण दाबून गळा मधोमध येतो का बघा. सुई आली की आधी धुतलेल्या तबकड्यांनाच लावा. आणि जुनी सुई फेकून द्या, राहू दे कधीतरी लागेल म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, घरातलं कोणीतरी चुकून लावतं.