करवंदं दिसली की पिशवी भरायची?

घाटपायरी : ट्रेकच्या टिप्स म्हणून कुणीतरी लिहिलंय : "पक्षी खातात ते माणसालाही चालतं. करवंदं दिसली की पिशवी भरा, रानात सगळं फुकट." हे वाचून कुणी जीव गमावेल! काजऱ्याचं पिकलेलं नारिंगी फळ धनेश खातो, पण त्याच्या बीत स्ट्रिकनिन हे जहाल विष असतं. बी चावली गेली तर झटके येऊन माणूस मरू शकतो. झाड पान-काट्यावरून ओळखता आलं तरच फळ तोंडात घाला. करवंदीची पानं समोरासमोर, चामट, काटे जोडीने, तोडल्यावर पांढरा चीक. नुसत्या चिकावर जाऊ नका, तो रुईला आणि विषारी पिवळ्या कण्हेरीलाही येतो.

कातळवाट : काजऱ्याचं फळ लिंबाहून मोठं, करवंद बोराएवढं. गफलत होईलच कशी? पक्षी खातात ते माणसालाही चालतं, हे म्हणणं खोटं आहे, तेवढं मान्य. पण अशी भीती घालून घालूनच पोरांना आता तोरण, अटक, आळू या रानफळांतलं काही ओळखू येत नाही. आळू झाडावरून तोडून लगेच खाल्ला तर घसा धरतो. गवताच्या अढीत मऊ, तपकिरी होऊ द्यावा लागतो. हे शिकवा की!

डोंगरमेवा : पिशवीबद्दल कुणीच बोलत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत करवंदांना घाम सुटतो, खालची चेपतात आणि उन्हात दुपारपर्यंत आंबतात. पसरट डब्यात दोन थर, नाहीतर पानाचा द्रोण. न्यायची असतील तर आधी धुवू नका. बोट लावताच सुटतं ते पिकलेलं. ओढावं लागलं तर कच्चं, त्याचा चीक ओठांना चिकटतो. मग पाण्याने चोळत बसू नका, तेल लावा.

कातळवाट : कच्चीच तर लोणच्याला लागतात!

डोंगरमेवा : लोणच्याला देठासकट तोडा, मिठाच्या पाण्यात चीक जाऊ द्या. आणि वळवाचे दोन पाऊस पडल्यावर प्रत्येक फळ फोडून बघा. ते पचपचीत होतं, आत अळी निघते.

घाटपायरी : मूळ मुद्दा राहिलाच, 'फुकट'. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 29 नुसार तिथून परवानगीशिवाय वनउपज नेता येत नाही.

कातळवाट : म्हणजे इथल्या ठाकर आदिवासी बाईने द्रोण विकला तरी गुन्हा? हद्द झाली!

घाटपायरी : तिचं नाव मी घेतलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका. गौण वनउपजावर वनात राहणाऱ्यांचा हक्क 2006च्या वनहक्क कायद्याने मान्य केलाय. तो तुमच्या-माझ्यासारख्या रविवारी येणाऱ्यांचा नाही. वीस जणांच्या गटाने वाटेकडेची जाळी ओरबाडली की तिच्या हंगामाच्या कमाईतून तेवढं गेलंच.

कातळवाट : बरं, पिशवी नको. चालता चालता मूठभर खाण्यावर मात्र मी अडून आहे.

डोंगरमेवा : मूठभर खा, पण जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवा. हिरवा चापडा, हा विषारी साप, पानात दिसत नाही.