मदत हवी आहे: लिनक्स कर्नलमधील थ्रेडचा स्टॅक वाचणारे जुने मॉड्यूल

नमस्कार. लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ४.४ आवृत्तीसाठी लिहिलेले निदानाचे एक मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) मला ६.६ वर आणायचे आहे. यंत्र ६४-बिट एक्स८६ आहे. हे मॉड्यूल स्टॅक पॉइंटरचे खालचे बिट पुसून १६ केबीच्या कर्नल स्टॅकचा (थ्रेड कर्नलमध्ये चालताना वापरतो त्या स्मृतीचा) तळ शोधते आणि तिथे 'थ्रेड_इन्फो' ही थ्रेडची प्राथमिक माहिती ठेवणारी रचना आहे असे गृहीत धरते, मात्र ४.९ पासून एक्स८६ वर ती रचना 'टास्क_स्ट्रक्ट'च्या, म्हणजे कर्नलमधील थ्रेडच्या मुख्य नोंदीच्या, आत गेल्यामुळे हे गृहीतक मोडले आहे.

पत्त्याचा हिशेब 'करंट' (सध्या चालू थ्रेडच्या 'टास्क_स्ट्रक्ट'चा पॉइंटर) वापरून सुटेल. खरी अडचण दुसऱ्या थ्रेडचा स्टॅक वाचताना येते. आता थ्रेड संपताच त्याचा स्टॅक 'टास्क_स्ट्रक्ट'च्या आधी मोकळा होऊ शकतो, म्हणून केवळ 'टास्क_स्ट्रक्ट'चा संदर्भ धरून (ती मोकळी होऊ न देता) भागत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये 'ट्राय_गेट_टास्क_स्टॅक' हे फंक्शन आहे, पण माझ्या समजुतीप्रमाणे ते फक्त स्टॅकची स्मृती मोकळी होऊ देत नाही. तो थ्रेड दुसऱ्या सीपीयूवर चालूच असेल, तर वाचताना मजकूर बदलत राहणारच. अशा वेळी चालू थ्रेड सरळ वगळून फक्त झोपलेले थ्रेड वाचावेत, की मॉड्यूलमधून चालू थ्रेडना क्षणभर थोपवण्याची एखादी हलकी पद्धत आहे? सर्व सीपीयू एकदम थांबवणे मला या कामासाठी अवाजवी वाटते.

शिवाय याच मॉड्यूलमध्ये एक लहान बफर स्टॅकवर असून तो डीएमएला (सीपीयूशिवाय उपकरणाने थेट स्मृती वाचण्या-लिहिण्याला) दिला जातो. व्हीमॅप स्टॅक (स्टॅकसाठी आभासी पत्त्यांवर जोडलेली स्मृती वापरण्याची सोय) चालू असताना तो बफर 'केमॅलॉक' या कर्नलच्या स्मृती देणाऱ्या फंक्शनने घेणे हाच एक मार्ग आहे का? ज्यांनी असे बदल केले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.