बोवीचा १९८७चा अल्बम: जुना ऐकायचा की २०१८चा?

खर्जातला:
ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'नेव्हर लेट मी डाउन' हा अल्बम १९८७ मध्ये आला, ब्रिटनच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, पण समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. पुढे खुद्द बोवीनेही त्यातून अंग काढून घेतलं. मी तो सध्या परत परत ऐकतोय आणि माझं मत पक्कं झालंय: गाणी चांगली होती, त्यांचा घात ध्वनीने केला.

त्यातलं 'टाइम विल क्रॉल' घ्या. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या स्फोटाची बातमी आली तेव्हा बोवी स्वित्झर्लंडमध्ये होता. ती धास्ती गाण्याच्या शब्दाशब्दांत आहे, पण ड्रम मशीनच्या ठोक्यांखाली ती चिरडली जाते. २००८ मध्ये ध्वनितंत्रज्ञ-निर्माता मारियो मॅकनल्टीने हे गाणं नव्याने बांधलं, स्टर्लिंग कॅम्पबेलकडून खरे ड्रम्स वाजवून घेतले. बोवीला ते आवडलं, आणि उरलेला अल्बमही असा करता आला तर, अशी इच्छा त्याने तेव्हा लिहून ठेवली. तो जानेवारी २०१६ मध्ये गेला. २०१८ मध्ये मॅकनल्टीने ते काम पूर्ण केलं. बोवीचं मूळचं गाणं, त्याचा गळा तोच ठेवला. रीव्ज गॅब्रेल्स आणि डेव्हिड टॉर्नची गिटार, टिम लफेव्हरचा बास, निको म्युलीने बांधलेली तंतुवाद्यं नवी. माझ्यासाठी आता हाच खरा अल्बम.

सारंगी:
अजिबात पटलं नाही. गायक मोकळ्या हवेत गात नसतो, समोरच्या तालाला उत्तर देत गातो. ठुमरीच्या ध्वनिमुद्रणातून तबला काढून दुसऱ्याचा बसवला, तर बाईंनी घेतलेली प्रत्येक जागा अधांतरी होईल. इथे तेच झालंय. बोवी १९८७ मध्ये ओरडून गातो, कारण त्याच्या कानात तो दणका होता. दणका काढलात, ओरडणं राहिलं.

आणि अर्दाल कझलचायचं काय? बोवीबरोबर बसून या गाण्यांचे कच्चे आराखडे करणारा, अल्बमवर कितीतरी वाद्यं वाजवणारा हा तुर्की वादक. 'सुधारणा' म्हणताना त्याची मेहनत पुसली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मीनल:
खर्जातला यांच्याशी सहमत. 'झीरोज' २०१८च्या रूपात ऐकून मी पहिल्यांदा शेवटपर्यंत थांबले.

उत्तररात्र:
इच्छा लिहून ठेवली, मान्य. पण त्यानंतर तो जवळपास आठ वर्षं जगला. त्यात त्याने दोन नवे अल्बम केले, या अल्बमकडे वळला नाही. जे खरंच नको होतं ते त्याने आधीच काढलं होतं: 'टू डिझी' हे गाणं नव्वदच्या दशकातल्या पुनर्प्रकाशनापासून गायब आहे. म्हणजे दुरुस्ती करायची तर तो स्वतः करत होता. त्यातल्याच 'शायनिंग स्टार' गाण्यात अभिनेता मिकी रूर्कला घ्यायचं हाही त्याचाच निर्णय. २०१८ मध्ये त्याच्या जागी गायिका लॉरी अँडरसनचा आवाज घालणं मला धाडसाचं नाही, आगाऊपणाचं वाटतं. लॉरी मला अतिशय आवडते, तरीही.

खर्जातला:
रूर्कच्या बाबतीत तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण दिशा मॅकनल्टीने मनाने ठरवलेली नाही. २००८चा नमुना बोवीने पसंत करून स्वतः निवडलेल्या संग्रहात घेतला होता. गॅब्रेल्स बोवीच्या 'टिन मशीन' या बँडमध्ये त्याच्या शेजारी उभा होता, लफेव्हर बोवीच्या शेवटच्या 'ब्लॅकस्टार' अल्बमवर वाजला. ही त्याचीच माणसं आहेत.

सारंगी:
त्याचीच माणसं, पण नंतरची. १९८७ मध्ये पीटर फ्रॅम्प्टन आणि कार्लोस अलोमार हे गिटारवादक त्याच्याबरोबर होते. त्या वर्षीचा बोवी गोंधळलेला होता, मोठ्या मैदानांसाठी गात होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने सगळं टाकून गॅब्रेल्सबरोबर 'टिन मशीन' हा बँड उभा केला. ती फारकत का घेतली, हे जुना अल्बम ऐकल्यावर कळतं. २०१८चा ऐकणाऱ्याला त्याचं काही कारणच सापडणार नाही.