मदत हवी आहे: गोव्यात वागातोरला लाईव्ह टेक्नो (मशीनवरचं नाचायचं संगीत) ऐकायला जायचंय
मंडळी, पुढच्या शनिवारी बेळगावच्या टिळकवाडीतनं आम्ही चौघं वागातोरला क्लबात जायलोय, डीजे गाण्याला गाणं जोडतो तसलं नव्हे ओ, ड्रम मशीन नि सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) मांडून तिथल्या तिथं वाजवणारा लाईव्ह सेट, 1980 च्या रोलँड टीआर-808 ह्या ड्रम मशीनचा तो ठोका समोर तयार होताना बघायची लई हौस हाय. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद, म्हणजे पुढचं सगळं आत हॉलात, आणि 100 डेसिबलच्या आवाजात पाव तासच थांबायचं, नाहीतर कानाला त्रास म्हणतात! तर चांगले इअरप्लग बेळगावात कुठं मिळतील? फोमचे नकोत, त्यात वरचे सूर पार दबतात. आणि पहाटे चोर्ला घाटातनं कणकुंबी-जांबोटी करत परत यावं, का वाटेत साखळी गावात रूम बघावी? गाडी चालवणारा पिणार नाही, ते ठरलंय. घरात अजून सांगितलं नाही, ते नंतर बघू.